अकरा होड्यांचा वाटा

बोर्ली पंचतनच्या बाजारात पोशीआत्यानं कधी आधी भाव सांगितला नाही. गिऱ्हाईक तिच्या टोपलीपुढं उकिडवं बसायचं, सुके बोंबील उलटसुलट करून बघायचं आणि विचारायचं, "कसे दिले?" आत्या पदरानं मान पुसत म्हणायची, "तू बोल, मी हसते."

मग गिऱ्हाइकानं भाव सांगायचा आणि आत्यानं हसायचं. भाव फार पडका असला तर ती इतकी मोकळी हसायची, की पलीकडचे भाजीवाले, मीठवाला, एस.टी.ची वाट बघत बसलेली माणसं, सगळी वळून बघायची आणि गिऱ्हाईक लाजून दोन आणे चढायचं. भाव जवळ येत गेला की हसू आखूड होत जायचं. शेवटी नाकातून नुसतं 'हं' आलं की सौदा झाला. "भाव आपण सांगितला की आपण बांधले जातो," ती म्हणायची. "हसण्याला कोण बांधणार?"

ती माझी सख्खी आत्या नव्हती. आमच्या कोळीवाड्यात तिला सगळेच आत्या म्हणत, तिच्याहून वयानं मोठा गणू तांडेलसुद्धा. तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. तो तापानं गेला तेव्हा होडी विकत घ्यायला दोघेजण आले होते म्हणतात. आत्यानं त्यांना भाव सांगायला लावला आणि ती हसली, आणि होडी तिच्याकडेच राहिली. बायका आमच्याकडे होडीवर जात नाहीत. पण आत्याची होडी कधी सुटायची, जाळी कुठं लावायची, हे आत्या किनाऱ्यावरून ठरवायची. हातात नवऱ्याची काळी छत्री असायची. ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. छत्रीनं ती वारा दाखवायची, माणसं दाखवायची, कुत्री हाकलायची, आणि कुणी वाळत घातलेला जवळा नीट पसरला नसेल तर छत्रीच्या टोकानं पसरून द्यायची.

तिचं एक आवडतं वाक्य होतं, "फुकटचा मासा लवकर कुजतो." लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. मासा तो मासा, फुकटचा काय नि विकतचा काय. पुढं तो अर्थ मला बावीस दिवस राबून कळला. तेच सांगायचं आहे.

एकसष्टचं ते साल. मी मुंबईला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे अभिमानानं सांगत नाही. त्या वेळी मला त्याचं ओझंच जास्त वाटे. त्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी नॉर्वे देशातल्या एका कारखान्यात माझं नाव पाठवलं. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बनवणारा कारखाना. सहा महिने तिथं हातानं काम करून शिकायचं. राहण्याजेवण्याचं कारखाना बघणार, जाण्याचं भाडं आपलं. त्यातलं अर्धं कॉलेजच्या निधीतून मिळणार होतं. उरलेलं अर्धं पंधरा जुलैपर्यंत बोट कंपनीत भरायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार.

बाबा गणू तांडेलच्या होडीवर खलाशी होते. अर्धं भाडं म्हणजे आमच्या घरात खर्च भागून एकदीड वर्षात जेवढं उरायचं तेवढं. सुटीत घरी आलो तेव्हा मी ते कागद पेटीच्या तळाशी ठेवले आणि कुणाला काही बोललो नाही. नकाराचं पत्र मनात लिहूनही झालं होतं.

पण कारखान्यानं एक पत्र थेट घरच्या पत्त्यावर पाठवलं. आमच्याकडे पोस्टमन बोर्लीहून चालत यायचा आणि उन्हाचा कंटाळा आला की सगळ्यांचं टपाल आत्याच्या ओट्यावर टाकून परत जायचा. आत्याला अक्षर येत नव्हतं. पण तिकिटावरचं राजाचं चित्र तिनं नीट पाहिलं असावं. भर दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली.

"नामा, तुला कुण्या राजाचं पत्र आलंय रं."

आय घाबरून बाहेर आली. "राजाचं? काय केलं ह्यानं?"

"तेच बघायचंय." आत्यानं पत्र फोडलं नव्हतं, पण माझ्या हातातही दिलं नाही. "चल मास्तरकडं."

बापट मास्तर बोर्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि शेजारच्या गावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. आम्ही निघालो तेव्हा तिघं होतो, पोचलो तेव्हा पंधरा माणसं झाली होती. मास्तर झोपाळ्यावर बसले होते. एवढी कोळीमंडळी अंगणात बघून त्यांनी उपरणं नाकाशी नेलं.

"मास्तर, नाक घरात ठेवून या, आम्ही थांबतो," आत्या म्हणाली.

मास्तर हसले. पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग त्यांनी सगळं मराठीत सांगितलं. मी खाली बघत उभा होतो.

"नॉर्वेत दर्या हाय?" आत्यानं विचारलं.

"आहे तर. म्हणजे कसं, अर्धाअधिक देश दर्याकाठीच."

"मग परदेश कसला? दर्याकाठनं दर्याकाठी जायचं." तिनं छत्री माझ्याकडे वळवली. "बोट कवा?"

"ऑगस्टच्या सुरुवातीला," मी म्हणालो.

"म्हंजे नारळी पुनवेआधी?"

पावसाळ्यात आमच्या होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात होडी घालत नाही.

मास्तर म्हणाले, "अहो, ती काय वल्ह्याची होडी आहे? आगबोट आहे. चार मजली."

"मजले किती का असंनात. दर्या त्योच ना?" पण तो वाद तिनं बाजूला ठेवला. "बरं, पैसं किती?"

"नाही जमायचं, आत्या. मी नकार कळवणार आहे."

"मी इचारलं किती, तू सांगतोस जमायचं न्हाय." आणि ती तशी हसली, पडका भाव आल्यावर हसायची तशी. "गिऱ्हाइकानं एवढं खाली कधी बोलू नये रं."

त्याच संध्याकाळी तिनं देवळापुढं सगळ्या होडीवाल्यांना बसवलं. अकरा होड्या, अकरा तांडेल. आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, तांडेलाचा दीड, आणि होडीवर बसलेल्या प्रत्येक खलाशाचा एक. आत्या म्हणाली, "होड्या वर ओढायला महिना हाय. नामाला प्रत्येक होडीनं दोन दिवसांचा एकेक वाटा द्यायचा. मासळीच द्या, पैसं नको. वाळवायचं माझ्याकडं लागलं."

गणू तांडेल विडी विझवून उठला. "आत्या, तुझा शब्द मोठा. पण होडीवर न बसता वाटा? असं आपल्यात कधी झालं न्हाय. आज ह्याला दिला, उद्या कुणीपण मागंल."

मला वाटलं, संपलं. खरं तर सुटल्यासारखंही वाटलं.

आत्यानं मान डोलावली. "खरं हाय गणू. फुकटचा मासा लवकर कुजतो." मग छत्री माझ्या छातीकडे आली. "उद्यापासनं बसंल."

"कुठं?" मी विचारलं.

सगळा कोळीवाडा हसला. मला वाटतं, बाबासुद्धा.

मी बारा वर्षांचा असताना शेवटचा होडीवर गेलो होतो. पुढं शाळा, मग मुंबई. पहिला दिवस गणू तांडेलच्याच होडीवर आला. पहाटे ओहोटीबरोबर निघालो आणि खाडीचं तोंड ओलांडलं न ओलांडलं तोच मी कडेला ओणवा झालो. बाबा त्याच होडीवर होते. त्यांनी माझ्या हातात चिंचेचा एक गोळा ठेवला आणि पुन्हा जाळं ओढायला गेले. मी चिंच चोखत जाळ्याला हात घातला. ओल्या दोरानं तळहात सोलून निघाले. कॉलेजात मला दोराचा ताण कागदावर काढता येत असे. हातावर तो कसा लागतो, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या संध्याकाळी वाटे पडताना गणूनं टोपलीतली मासळी अर्धी केली. "अर्धा दिवस ह्यो वाकूनच होता. अर्धा वाटा."

आत्या वाळूत उभीच होती. "गणू, तू पहिल्या दिवशी किती वाकला होतास, ते तुझ्या आयनं मला सांगितलंय. सांगू का सगळ्यांना?"

गणूनं वाटा पुरा केला. वर दोन पापलेटं टाकली.

बावीस दिवस, अकरा होड्या. रोज संध्याकाळी आत्या टोपली घेऊन वाळूत उभी असायची. कसं झालं, थकलास का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. माझे तळहात उलटे करून बघायची आणि सोडून द्यायची. पंधराव्या-सोळाव्या दिवशी फोडांचे घट्टे झाले तेव्हा म्हणाली, "आता पेन सुटायचं न्हाय हातातनं."

माझ्या वाट्याचे बोंबील तिनं तिच्या खळ्यात वेगळ्या वलांडीवर घातले. वलांडी म्हणजे आडवे बांबू बांधून केलेला वाळवणाचा मांडव. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते बांबूवर टांगतात. जवळा खाली पसरला. कावळे हाकायला तिनं माझ्या आयला बसवलं. तिचा बेत असा होता, की माल लगेच विकायचा नाही. होड्या बंद झाल्या की ताजी मासळी संपते. श्रावणात पुष्कळ माणसं मासळी सोडतात, म्हणून आषाढ सरता सरता जो तो सुकं मागतो. तेव्हा भाव जवळजवळ दुप्पट. "पण तुझी मुदत त्याच्या आत बसली पायजे," ती म्हणाली. "कुठल्या तिथीला हाय?"

मला पंधरा जुलै माहीत होती, तिथी माहीत नव्हती. तसं सांगायची लाज वाटली. घरी गेलो, भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि सांगितलं, "आषाढ वद्य सप्तमी."

"मंग झालं. तवा भाव ऐन भरतीला असतो." आत्या निर्धास्त झाली. मीही.

कॉलेज उघडलं, मी मुंबईला गेलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागदांवर बाबांचे अंगठे हवे होते म्हणून चार दिवस घरी आलो. बापट मास्तर स्वतः कोळीवाड्यात आले होते, हातात कागद, नाकाशी उपरणं. पासपोर्टापासून परदेशी चलनापर्यंतचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले होते, आणि स्वतःच्या लग्नातला लोकरी कोटही माझ्यासाठी काढून ठेवला होता. अंगठे झाल्यावर ते आत्याला म्हणाले, "पैसे तयार आहेत ना? दहा दिवस उरले."

"दहा कुठलं मास्तर? मुदत आषाढ वद्य सप्तमीची. अजून आषाढ लागायचाय."

मास्तर म्हणाले, "आषाढ लागायचाय, हे खरं. यंदा अधिक ज्येष्ठ होता. पण मुदत पंधरा जुलैची आहे. आषाढ वद्याशी तिचा काय संबंध?" मी हळूच कॅलेंडराचं नाव काढलं, तसे ते आमच्या घरात आले आणि भिंतीवरचं कॅलेंडर जवळून पाहिलं. "नामदेव, हे गेल्या वर्षीचं आहे. यंदा ती सप्तमी ऑगस्टात येते."

ते खरं होतं. त्याच्यावर लक्ष्मीचं चित्र होतं आणि आयनं त्या लक्ष्मीला कुंकू लावलं होतं. कुंकू लावलेलं कॅलेंडर भिंतीवरून काढायचं कसं? म्हणून वर्ष उलटलं तरी ते तसंच राहिलं होतं. आणि मी, तीन वर्षं गणित शिकलेला, वर साल न बघता तिथी वाचून मोकळा झालो होतो.

बाहेर माणसं जमली होती. माल कोळीवाड्याचा होता, अकरा होड्यांचा. गणू तांडेलनं विचारलं, "चुकलं कुणाचं?"

मी तोंड उघडलं. छत्रीची मूठ माझ्या पोटरीवर बसली.

"माझं," आत्या म्हणाली. "अधिक महिना माझ्या ध्यानात ऱ्हायला न्हाय."

भरतीच्या पाण्याकडे बघून तिथी सांगणारी बाई. तिच्या ध्यानातून आख्खा महिना गेला, यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नसणार. पण तिच्या तोंडावर खोटं म्हणणार कोण? गणू माझ्याकडे बघत म्हणाला, "बरं. टोपल्या कुणी उचलायच्या ते सांग."

बोर्लीच्या बाजारात एवढा माल एवढ्या लवकर खपला नसता. माणगावचा बाजार मोठा. दोन दिवसांनी पहाटे सहा टोपल्या घेऊन आम्ही एस.टी.पाशी उभे राहिलो. कंडक्टरनं नाक दाबलं. "हा माल गाडीत चालणार नाही."

"माल कुठाय?" आत्या म्हणाली. "ह्ये तिकीट हाय."

"कसलं तिकीट?"

"नॉर्वेचं. ह्या पोराला नॉर्वेला जायचंय. तू न्हेतोस का तिथपर्यंत? मंग टोपल्या इथंच ठेवते."

कंडक्टर माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली. काय सांगणार? टोपल्या टपावर चढल्या, त्यावर ताडपत्री पडली, आणि म्हसळ्यापर्यंत त्यानं आत्याकडून नॉर्वेची सगळी माहिती काढून घेतली. तिथं राजा असतो, दर्या असतो आणि मास्तरचा कोट घातल्याशिवाय भागत नाही, एवढी ती होती.

माणगावात पाऊस होता. आत्यानं छत्री उघडली. मी पहिल्यांदाच ती उघडी पाहत होतो. तिला दोन भोकं होती. आत्यानं ती स्वतःवर धरली नाही, टोपल्यांवर धरली. एक माणूस आला. "कसे दिले?"

"तू बोल, मी हसते."

त्यानं भाव सांगितला. आत्या हसली, चांगली बोर्लीसारखी हसली. तो माणूस दचकला, इकडंतिकडं बघितलं आणि निघून गेला. दुसरी एक बाई आली, तीही गेली. जाताना शेजारणीला म्हणाली, "वेडी दिसते गं." इथं आत्याला कुणी ओळखत नव्हतं. तिच्या हसण्याची भाषा इथं कुणाला येत नव्हती. दुपार होत आली, एक टोपली अर्धी झाली होती.

मी म्हणालो, "आत्या, राहू दे. परत जाऊ." आणि मग जे बोलायचं होतं ते बोललो, "चूक माझी होती."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला, समोरून जाणाऱ्या एका बाईकडे वळली आणि म्हणाली, "ये गो बाय. बोंबील हाय, दर्याकाठचा. ह्यो भाव." आणि तिनं भाव सांगितला.

आवाज बारीक होता. सवयीचा नव्हता. पण एकदा सांगितल्यावर ती थांबली नाही. संध्याकाळपर्यंत पावसात उभी राहून, गळा बसेपर्यंत, ती भाव सांगत राहिली. टोपल्या रिकाम्या झाल्या. रिकाम्या टोपल्या एकात एक घालताना एवढंच म्हणाली, "आज हसायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

पैसे मोजले. आषाढाअखेरचा भाव नव्हताच. चौथाई कमी पडत होती. आत्या म्हणाली, "आता मुंबईचं तिकीट काढ. एवढं आलोय तर दुकान बघून जाऊ."

दुकान म्हणजे फोर्टातली बोट कंपनीची कचेरी. पितळी दांडीच्या मागं तरुण कारकून, डोक्यावर पंखा. आत्या लुगडं सावरून, छत्री टेकून उभी राहिली. अंगाला सुक्या बोंबलाचा वास होताच. कारकुनानं भाड्याचा आकडा सांगितला.

आत्या हसली.

कालपासून तुंबलेलं होतं ते सगळं हसू तिनं तिथं सोडलं. टंकलेखन यंत्रं थांबली. एक गोरा साहेब काचेच्या खोलीतून बाहेर डोकावला.

"बाई, इथं भाव होत नाही," कारकून लालबुंद होऊन म्हणाला.

"मी कुठं भाव केला? मी हसले. हसायला बंदी हाय का?"

त्यानं, का कुणास ठाऊक, आकडा पुन्हा सांगितला. ती पुन्हा हसली. मला वाटलं, भिंतीत शिरावं. तेवढ्यात मागच्या टेबलावरचे म्हातारे हेडक्लार्क उठून आले. "कुठल्या हो तुम्ही?"

"बोर्लीच्या."

"तरीच. मी मुरुडचा. असं हसू मी लहानपणी आमच्या बाजारात ऐकलंय." त्यांनी माझे कागद पाहिले, एक जाड वही उघडली. "प्रवासी बोटीचं भाडं कमी होत नाही. पण आमची एक मालबोट जाते. तिच्यावर चार जागा असतात. भाडं बरंच कमी. चाळीस दिवस लागतील, जेवण साधं, आणि निघेल उशिरा, ऑगस्टच्या अखेरीला."

मी म्हणालो, "मला ऑक्टोबरात हजर व्हायचंय."

"पोचाल."

आत्या पुढं झाली. "ऑगस्टच्या अखेरीला म्हंजे नारळी पुनव झालेली असंल?"

हेडक्लार्क भिंतीवरच्या कॅलेंडराकडे वळले.

"आधी वरचं साल बघा," आत्या म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी साल बघितलं. मग म्हणाले, "पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी सुटते."

आत्याच्या नाकातून 'हं' आलं. मी पैसे पुढं सरकवले. वर जे उरलं त्यातून तिनं मला दोन लोकरी बनियन घेतले.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला तिनं दर्यात दोन नारळ सोडले. एक स्वतःच्या होडीचा. दुसरा सोडताना मोठ्यानं म्हणाली, "ह्यो चार मजलीचा." मास्तरांनी तिला सांगितलं, की मालबोटीला चार मजले नसतात. "असू दे," ती म्हणाली, "दर्या मजले मोजत न्हाय."

नॉर्वेतल्या त्या सहा महिन्यांबद्दल मी इथं लिहीत नाही. कारखान्यातला मुकादम पहिल्या दिवशी माझे तळहात बघून म्हणाला होता, की हा कामाचा आहे, एवढं फक्त आत्याला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी आम्हाला उत्तरेकडच्या एका कोळीगावात इंजिन बसवायला पाठवलं. बोटीतून उतरलो आणि थांबलोच. बर्फातल्या किनाऱ्यावर, ओळीनं, लाकडी वलांड्या होत्या, आणि त्यांवर हजारो मासे वाळत टांगलेले. तिथल्या दुकानात त्याचंच चित्राचं कार्ड मिळालं. ते मी आत्याला पाठवलं.

परत आलो तेव्हा ते कार्ड बोर्लीच्या अर्ध्या बाजाराला पाठ झालं होतं. आत्या ते टोपलीत, फडक्याखाली ठेवायची. "बघा, तिथंपण कोळीच ऱ्हातात. पण येडे हायत. शेपट्या बांधून टांगतात. अरे, तोंडात तोंड अडकवायचं सोडून शेपटीला कोण बांधतो? तू सांगितलं न्हाय का त्यांना नामा?"

"सांगितलं नाही, आत्या."

"लाजलास असशील."

लाजलोच होतो.

पुढं चारेक वर्षांनी आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांना इंजिनं बसू लागली. मी तेव्हा त्याच कामावर होतो. आत्यानं हप्त्यानं इंजिन घेतलं आणि ते मीच बसवायचं, असं परस्पर ठरवून टाकलं. तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी चाचणीला होडी खाडीबाहेर नेली. तांडेल म्हणाला, आलोच आहोत तर जाळं टाकू. दुपारी परत आलो तेव्हा आत्या वाळूत उभी होती, जराशी वाकलेली, छत्रीवर पहिल्यापेक्षा जास्त भार टाकून. वाटे पडले. एक टोपली तिनं माझ्यापुढं सरकवली.

"हे काय, आत्या? मला कामाचा पगार आहे."

"होडीवर बसला होतास का न्हाय?"

"बसलो होतो."

"मंग?" तिनं माझा हात धरला, तळहात उलटा करून बघितला आणि सोडून दिला.

ताजी मासळी घेऊन मला लांब जायचं नव्हतं म्हणून तिनं तेवढ्याच मोलाचे सुके बोंबील केळीच्या सोपटात बांधून दिले. मला गुजरातेत एका बंदरावर नवी नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्लीहून निघालो. त्यानंतर आत्याची माझी भेट झाली नाही.

बाजाराचा दिवस होता. एस.टी.च्या खिडकीतून ती दिसत होती. टोपलीपुढं एक नवखा माणूस उकिडवा बसला होता, त्याच्या मागं आणखी दोघं. आत्यानं मान वर केली नाही. नुसती छत्री उचलून गाडीच्या दिशेनं हलवली, म्हणजे जा आता. कंडक्टर आत आला, वास आला तसा माझ्या मांडीवरच्या पुडक्याकडे बघू लागला.

"काय माल हाय त्यात?"

"माल नाही," मी म्हणालो. "वाटा आहे."

त्यानं घंटी ओढली. गाडी हलली. त्या नवख्या माणसानं तेवढ्यात काहीतरी फारच पडका भाव सांगितला असावा, कारण पोशीआत्याचं हसू इंजिनाच्या आवाजावरून, वळणापर्यंत, आमच्या मागून येत राहिलं.